मधला ढोल तीन इंच खाली

दाजी, बोट उठली.

आधी एवढंच सांगून टाकतो, कारण मला दम धरवत नाही. काल दुपारी चारच्या सुमाराला आपल्या घाटावरून निघून पाण्यातल्या त्या जुन्या विजेच्या खांबाकडे जाताना, अर्ध्या वाटेवर बोटीनं नाक वर केलं, मग मागची बाजूही हळूहळू वर आली, आणि इतकी वर्षं पाणी ढकलत चालणारी आपली बोट पाण्यावरून पळायला लागली. तुम्ही म्हणायचा, बोट खरी पळायला लागली की पाण्याचा आवाज बदलतो, खळखळ थांबते आणि नुसती सरसर राहते. मी दर वेळी म्हणायचो, दाजी, तुम्ही हे मोबाईलवर बघून सांगताय. काल तो आवाज माझ्या कानांनी ऐकला. ऐकल्या ऐकल्या तुम्हाला हाक मारायला मागे वळलो, तर इंजिनाच्या दांड्यापाशी आक्का होती.

तुम्ही जाऊन आज सव्वीस दिवस झाले. महिनाभर तरी बोटीला हात लावू नका, बरं दिसत नाही, असं भावकीतल्या चार जणांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी हो हो म्हणालो आणि पंधराव्या दिवशी टेम्पोत वेल्डिंगचं मशीन टाकून आलो. लोकांना काय सांगणार? आपल्या दोघांत एक भांडण अर्धवट राहिलं होतं आणि बोट पाण्यात उतरवल्याशिवाय ते मिटणार नव्हतं.

भांडण तसं सोपं होतं. बोट हळू का चालते? तुम्ही इंजिनवाले. कर्जत तालुक्याच्या या टोकाला, उजनीच्या फुगवट्याच्या काठानं जेवढी म्हणून पाणी उपसायची इंजिनं आहेत, त्यातली निम्मी तुमच्या हातांनी उघडलेली. त्यामुळे दोष इंजिनाचा असूच शकत नाही, दोष ढोलांचा, असं तुमचं म्हणणं. मी नागापूरच्या एमआयडीसीत पाण्याचे टँकर बनवणारा. ढोल माझ्या हातचे. त्यामुळे ढोल एक नंबर, इंजिनात दम नाही, असं माझं म्हणणं. मेव्हणा आणि दाजी दोघंही आपापल्या धंद्याला डाग लागू देत नव्हते आणि मधल्या मध्ये बोट गोगलगायीसारखी चालत होती.

ढोल हा आपल्या दोघांचा शब्द. शिकलेले लोक पाँटून म्हणतात. पत्र्याचे दोन लांब नळे, दोन्ही तोंडं बंद, आत हवा. ते पाण्यावर शेजारी शेजारी तरंगवायचे, वर सांगाडा, सांगाड्यावर फळ्या. झाली बोट. आठ मोटारसायकली आणि वीस माणसं ऐसपैस उभी राहतील एवढी. पलीकडच्या काठाला रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून लोक गाड्यांसकट आपल्या बोटीत येतात. हे सगळं तुम्हाला काय सांगतोय मी? पण तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तुम्हीच तशी सवय लावलीत. 'पाव्हणं, मुळापासनं बोला,' म्हणायचा.

मुळापासून बोलायचं तर नऊ वर्षांपूर्वीची ती पहिली बोट. तुम्ही फोन केलात, 'पाव्हणं, तुमी एवढं टँकर बनवता, आमाला दोन ढोल बनवून द्या की. टँकर काय नि ढोल काय, एकच की.' मलाही ते पटलं, आणि तिथंच चुकलं. आपल्या दुष्काळी जिल्ह्यात जन्मलेल्या फॅब्रिकेटरला पाणी आत कसं ठेवायचं ते झोपेत विचारा, सांगेल. पाणी बाहेर ठेवायचा प्रसंग माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा आला होता. मी आणि माझा वेल्डर रफिकभाई, दोघांनी मन लावून चोवीस चोवीस फुटांचे दोन ढोल बनवले. टँकरच्याच जाड पत्र्याचे. टँकरच्या पोटात आडव्या भिंती घालतात, ब्रेक मारल्यावर पाणी डचमळू नये म्हणून, तशा भिंतीही घातल्या. त्या भिंतींना खालून भोकं ठेवतात, पाणी इकडून तिकडे जावं म्हणून. तीही ठेवली. हात सवयीनं चालत होते. टेम्पोतून ढोल उतरवले, सांगाडा बसला, गाव जमलं, तुम्ही नारळ हातात घेतलात आणि फोडायच्या आधी सहज खाली वाकलात.

'पाव्हणं,' तुम्ही खालूनच विचारलंत, 'ही तोटी कशाला?'

दोन्ही ढोलांच्या बुडाला मी दोन इंची तोटी बसवली होती, टँकरला असते तशी. आजही मला हे लिहिताना घाम फुटतो. तुम्ही उभे राहिलात, सगळ्या गावाकडे बघितलंत आणि शांतपणे म्हणालात, 'बोटीतनं धरनात पानी सोडायचं असंल तर सोय झाली म्हना.' घाटावर हसून हसून माणसं खाली बसली. त्या दिवसापासून या गावात मला कुणी नावानं हाक मारली नाही. तोटीवालं पाव्हणं आलं, असंच म्हणतात. काल घाटावर उतरलो तेव्हाही तेच म्हणाले. फक्त काल पहिल्यांदा ते ऐकून डोळ्यांत पाणी आलं.

तोट्या काढल्या, भोकं बुजवली, तरी आतल्या भिंतींची भोकं तशीच राहिली होती. आठ दिवसांत एका सांध्याला पाझर फुटला आणि एका कप्प्यात शिरलेलं पाणी सगळ्या ढोलभर फिरलं. बोट एका अंगाला कलली, कांद्याच्या गोण्या पाण्यात. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. नुसता फोन करून म्हणालात, 'टँकर भरला बघा.'

त्या काळातच तुम्ही चहाचा ग्लास काढलात. बोटीची चाल तपासायची ही तुमची रीत मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. निघायच्या आधी आक्काकडून काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास घ्यायचा, फळ्यांच्या बरोबर मध्ये ठेवायचा आणि मग इंजिन वाढवायचं. चहा मागे सांडला की बोट मागून बसते. पुढे सांडला की नाक पाण्यात घुसतं. वळताना बाहेरच्या अंगाला सांडला की बोट वळणात बाहेर झुकते, म्हणजे भरलेली असताना धोका. जगात लोक यासाठी काय काय यंत्रं लावत असतील, तुम्ही चहावर भागवलंत. आणि शपथ घातलीत, 'ज्या दिवशी ह्यो सांडनार न्हाई, त्या दिवशी पिईन.' नऊ वर्षांत तो चहा तुमच्या पोटात कधी गेला नाही. आपल्या बोटीच्या फळ्या मात्र चहानं रंगल्या.

चहानंच मला शिकवलं, हे आता कबूल करतो. माझ्या ढोलांची तोंडं टँकरसारखी घुमटाकार होती. ती पाणी कापायची नाहीत, ढकलायची. बोटीपुढे पाण्याचा ढीग उभा राहायचा आणि बोट दिवसभर तो ढीग चढत बसायची. तुमचं पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन बिचारं जीव तोडून ओरडायचं. तुम्ही म्हणालात, 'नांगराचा फाळ आसा बोथट ठिवला तर बैल चालंल का?' मी आठ दिवस रागावलो आणि नवव्या दिवशी अॅल्युमिनियमचं वेल्डिंग शिकायला लागलो. दुसरी जोडी हलक्या पत्र्याची, आत बंद कप्पे, पुढचं नाक निमुळतं आणि वर उचललेलं. त्या जोडीनं बोट चांगली चालली. तुम्ही खूश होऊन पंधराच्या जागी चाळीसचं इंजिन आणलंत, आणि पुन्हा घोडं अडलं. पंधराचं चाळीस झालं तरी बोटीचा वेग त्या मानानं वाढला नाही. इंजिन वाढवलं की बोट मागून बसायची, नाक आकाशात, चहा सगळा मागे.

मी म्हणालो, साठचं लावा. तुम्ही म्हणालात, साठ लावलं तर साठचा खड्डा पडेल. मी ऐकेन तर शपथ. ओळखीतून एक साठचं इंजिन आठ दिवसांसाठी मागून आणलं. आठवतं? पेट्रोल पाण्यासारखं गेलं, बोट मागून एवढी बसली की लाटेचं पाणी फळ्यांवर आलं, आणि वेग वाढला तो नावापुरता. इंजिनाचा सगळा जोर पुढे जाण्यात नाही, पाण्यात खड्डा खणण्यात जात होता. मला ते दिसत होतं, दाजी. दिसत असूनही मी म्हणालो की इंजिन जुनं असेल.

आता त्या लग्नाचं. ते टाळून पुढे जाता येणार नाही.

गेल्या लग्नसराईत पलीकडच्या काठाला वऱ्हाड न्यायचं होतं. नवरदेव, करवल्या, बँडवाल्यांचे दोन ढोल आणि आपले दोन. मी सहज आलो होतो, तुम्ही म्हणालात चला. मध्यावर गेल्यावर पश्चिमेचा वारा उठला. भरलेली बोट, समोरून लाटा. तुम्ही इंजिन वाढवलं की बोट मागून बसायची, कमी केलं की वारा मागे रेटायचा. तासभर आपण त्या विजेच्या खांबाच्या आसपासच होतो. मुहूर्त टळून गेला. पलीकडून नवरीच्या बापाचे फोनवर फोन. नवरदेवाचा बाप तुमच्या अंगावर ओरडला, 'तुमची बोट हाय का तराफा?' आणि तुम्ही, आयुष्यात पहिल्यांदा, चारचौघांत माझ्याकडे बोट दाखवलंत. 'इंजान चांगलं हाय वो. ढोल टँकरवाल्यानं केल्यात, त्यो तरी काय करील.'

तुम्ही हसत म्हणाला होतात. नऊ वर्षं तुम्ही हेच म्हणत होतात आणि नऊ वर्षं मी हसत होतो. त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, 'ढोलांना नावं ठेवता, आधी स्वतः पोहायला तरी शिका. बोटवाला म्हणवता आणि गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहायची भीती वाटते.'



हे गुपित फक्त आक्काला आणि मला माहीत होतं. तुमच्या लहानपणी इथं पाणीच नव्हतं, नुसतं माळरान. धरणाचं पाणी आलं तेव्हा तुमच्या वडिलांनी पोरांना काठाशी फिरकू दिलं नाही. तुमच्या पिढीतले कितीतरी जण पाण्याच्या काठी राहून पाण्याला भिऊन वाढले. आक्का आणि मी आमच्या गावच्या विहिरीत पोहायला शिकलो, तुम्हाला ती संधी मिळाली नाही, एवढंच. तुम्ही उतारूंना लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोट सोडायचा नाहीत आणि आधी स्वतः घालायचा. लोक म्हणायचे, शिस्तीचा माणूस. मला खरं कारण माहीत होतं आणि मी ते वऱ्हाडासमोर फोडलं. पुढे पंधरा दिवस गावातली टवाळ माणसं तुम्हाला विचारत होती, 'मालक, बुडालो तर आमी तुमाला वाचवायचं का तुमी आमाला?' हे आक्कानं मला फोनवर सांगितलं. तुम्ही नाही सांगितलंत. तुम्ही मला फोन करायचं बंद केलंत.

तीन महिने, दाजी. तीन महिने आपण बोललो नाही. पहिला महिना मी रागात घालवला. दुसऱ्या महिन्यात एका दुपारी वर्कशॉपमध्ये रिकामा बसलो होतो आणि एकदम लख्ख दिसलं. दोन ढोलांवर भार जास्त होतोय. ते निम्म्याच्या वर पाण्यात बसतात, मग कितीही मोठं इंजिन लावा, ते पाणीच ढकलणार. मध्ये तिसरा ढोल हवा. तिघांत भार वाटला की तिघंही वर येतील, आणि मग तुमच्या चाळीसला पुढे जायला जोर उरेल. म्हणजे दोष ढोलांचाच होता. म्हणजे नऊ वर्षं तुमचंच बरोबर होतं.

दुसऱ्याच दिवशी काम काढलं. तिसरा ढोल मी स्वतः वेल्ड केला, रफिकभाईला हात लावू दिला नाही. त्याच्या पोटाखाली लांबीभर दोन पट्ट्या लावल्या, पाण्यावर टेकून बोट वर उचलतील अशा. हवा भरून साबणाचं पाणी लावून तपासला, एक बुडबुडा नाही. आणि मग तो ढोल वर्कशॉपच्या कोपऱ्यात अठरा दिवस उभा राहिला. तयार. टेम्पो दारात. रफिकभाई रोज विचारायचा, 'शेठ, कब भेजना है?' मी म्हणायचो, त्यांचा फोन आला की. मनात ठरवून टाकलं होतं, आधी त्यांनी बोलायचं. चूक माझी आणि फोन त्यांनी करायचा, असा माझा हिशेब.

अठराव्या दिवशी सकाळी फोन आला, तो आक्काचा. तुम्ही चहा मागितलात, आक्का आत गेली आणि बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्या सकाळबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही. त्या अठरा दिवसांची आठवण झाली की मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

दहाव्याला घाटावर सगळे अंघोळीला उतरले तेव्हा मी बाजूला आपल्या बोटीच्या सावलीत जाऊन बसलो. बोट काठावर ठोकळ्यांवर चढवलेली होती. मला वाटलं डागडुजीसाठी असेल. डोकं टेकवायला वर बघितलं आणि सांगाड्याच्या मधोमध, दोन ढोलांच्या मध्ये, नवीन कोरे ब्रॅकेट दिसले. ओळीनं आठ. तुमच्या हातचं वेल्डिंग मी अंधारात ओळखेन, तुम्ही वेल्डिंग करता म्हणजे गवंडी गिलावा करतो. दाजी, तुम्ही तिसऱ्या ढोलाची जागा करून ठेवली होती. मला न सांगता. माझ्या फोनची वाट बघत. मी तिथंच, सगळे परत येईपर्यंत, ब्रॅकेटवर हात ठेवून बसून राहिलो. आक्का आली, बघितलं, पदरानं माझं तोंड पुसलं.

पण आता ऐका. पंधराव्या दिवशी ढोल घेऊन आलो, सूत धरून बघितलं, तर तुमचे ब्रॅकेट तीन इंच खाली. मधला ढोल बाजूच्या दोघांच्या रांगेत न बसता तीन इंच खाली बसणार. मला मनातून बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, दाजींची एक तरी चूक सापडली. ग्राइंडर काढला, वायर जोडली, पहिल्या ब्रॅकेटला लावणार तेवढ्यात आक्का घरातून धावत आली.

'दत्ता, हात लावू नगंस. त्यांनी तीनदा मोजलंय.'

'आक्का, ही चूक आहे. बोट मधल्या ढोलावर डुलत बसेल.'

'आसंल चूक. त्यांची हाय, राहू दे.'

आक्कानं नऊ वर्षांत आपल्या भांडणात कधी बाजू घेतली नव्हती. मी ग्राइंडर ठेवला. ढोल बसवला तो मान हलवत, तोंडानं पुटपुटत, पण तीन इंच खालीच बसवला.

काल बोट पाण्यात गेली. निम्मं गाव घाटावर. आक्का म्हणाली आधी पंधराचं जुनं इंजिन लावू, ते पण लहानापासनंच सुरू करायचे. लावलं. आणि दाजी, बोट पहिल्यापेक्षा हळू. तीन ढोल म्हणजे पाण्याला घासणारा पत्रा दीडपट, पंधराच्या जिवाला तो ओढवेना. घाटावरून कुणीतरी ओरडलं, 'तोटी राह्यली का काय उघडी?' मी आक्काकडे बघितलं नाही. आयुष्यभर टँकर बनवले, टँकरच बनवावेत, असं स्वतःला सांगत काठाला आलो आणि गुपचूप चाळीसचं चढवलं.

आक्कानं घरातून चहाचा ग्लास आणला. काठोकाठ. फळ्यांच्या मध्ये ठेवला आणि दांडा स्वतः धरला. तुमच्या माघारी बोट तीच चालवणार आहे, हे मला त्या क्षणी कळलं. मी पुढे उभा राहिलो, नजर ग्लासवर. इंजिन वाढलं. बोट मागून जराशी बसली, चहा काठावर आला. म्हटलं, गेला. आक्कानं हात थांबवला नाही. आणि मग ते झालं, जे मी सुरुवातीलाच सांगून टाकलं. नाक वर, मागून वर, तिन्ही ढोल पाण्याच्या वर आल्यासारखे, आणि ती सरसर. तेच इंजिन, दाजी. तेच तुमचं चाळीस. आणल्यापासून ज्याच्यात दम नाही म्हणून मी कोकलत होतो. त्याच्यात दम होता, मी त्याला धावायला जागा दिली नव्हती. आणि ढोल कितीही चांगला केला तरी पंधरावर तो मेल्यासारखा पडून राहिला होता, हेही पाच मिनिटांपूर्वीच बघितलं होतं. म्हणजे मीही अगदीच चूक नव्हतो, एवढं तरी लिहून ठेवतो. मी लहान पोरासारखा ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आक्काला विचारा.

खांबापाशी आक्कानं दांडा वळवला. मी ग्लास धरायला वाकलो, कारण वळणात चहा जाणारच. पण बोट बाहेर झुकली नाही. आत झुकली, वळणावर मोटारसायकल झुकते तशी, मधल्या ढोलावर टेकून, अलगद. चहा ग्लासात जसाच्या तसा. तीन इंच. ज्यांना मी ग्राइंडर लावणार होतो ते तीन इंच.

आक्कानं इंजिन बंद केलं. चहूकडे पाणी, वारा पडलेला. मी म्हणालो, 'आक्का, त्यांना हे सुचलं कसं? ढोल करणारा मी. मला नाही सुचलं.'

आक्का दांडा सोडून फळीवर टेकली. मग म्हणाली, 'तू लग्नात बोललास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशीपासनं त्यांनी पोहायला शिकायला घेतलं. मीच शिकवत हुते. रोज सकाळी, कुनी उठायच्या आत. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. लई भ्यायचे. बोटीला धरून ऱ्हायचे, दोन ढोलांच्या मधी, गळ्याएवढ्या पान्यात. तितं उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन त्यांनी बघितलं म्हनं, लाट मधनं कशी येती, बोट कुठं दबती. एक दिवस म्हनले, दत्ता बोलला ते बरं झालं. न्हाईतर मी ह्ये खालनं कदी बघितलंच नसतं.'

'पोहायला आलं त्यांना?'

'आलं की. ह्या खांबापर्यंत आल्ते, डब्याबिगर. तुला दाखवायचं म्हनत हुते. म्हनले, पाव्हणं ढोल घेऊन आलं की दाखवू.'

दाजी, मी चुकलो. ते वाक्य मी परत घेऊ शकत नाही आणि तुम्ही त्याचंही काहीतरी करून ठेवलंत, जसं माझ्या प्रत्येक बिघडलेल्या कामाचं करून ठेवायचा. माफ करा, असं काल बोटीत मोठ्यानं म्हणालो. आक्का म्हणाली, ऐकलं त्यांनी. बोटीवर छत घालायचं की नाही, ते दुसरं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही, ते सांगून ठेवतो. तुम्हाला उतारूंसाठी सावली हवी होती, मी म्हणतो छत वारा धरतं. आक्का तुमच्या बाजूनं आहे. मी अजून हरलेलो नाही.

परत फिरायच्या आधी आक्कानं फळीवरचा ग्लास उचलला आणि माझ्या हातात दिला. मी नको म्हणालो, म्हटलं पाण्यात सोड, त्यांचा आहे. ती म्हणाली, 'त्यांना सांडलेला चहा आवडायचा न्हाई. पी.'

मग मी उभ्यानं प्यायलो. गार झाला होता, साखर जास्त होती, तुम्हाला लागते तेवढी. एक थेंब सांडला नव्हता.